गोगलगाईच्या पाठीवरची चिप

नमस्कार श्रोतेहो.

१९९८ च्या सुमाराला अमेरिकेत टीव्हीवर अ‍ॅपल कंपनीची एक जाहिरात लागायची. पडद्यावर एक गोगलगाय, तिच्या पाठीवर इंटेल कंपनीची पेंटियम टू चिप, म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि ती आपली सरपटतेय, सरपटतेय. सांगायचं काय, तर आमच्या मॅक संगणकातली पॉवरपीसी चिप हिच्या कितीतरी पुढे आहे. दुसऱ्या एका जाहिरातीत इंटेलच्या स्वतःच्या जाहिरातींतला चकचकीत पोशाखातला नाचरा माणूस चक्क धुमसताना दाखवला होता. अंगातून धूर निघतोय आणि अग्निशमन दलाचा जवान त्याला विझवतोय! हल्लीच्या जाहिरातींत ही धमक राहिली नाही बघा. हल्ली कंपन्या टीव्हीवर गोड बोलतात आणि भांडायला कोर्टात जातात.

तर मॅक वापरणाऱ्यांनी ही गोगलगाय अगदी मनावर घेतली. मॅकवाले तेव्हा थोडेच. आपल्याकडे जाहिरातीच्या धंद्यातले, मासिकांची पानं लावणारे, छपाईतले. चहा घेता घेता विंडोजवाल्यांशी वाद घालायचे, इंटेलपेक्षा पॉवरपीसी कशी सरस ते पटवून द्यायचे. कंपनीची वकिली, तीही बिनपैशाची.

आणि ६ जून २००५ च्या सकाळी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अ‍ॅपलचा प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यानं जाहीर केलं, की मॅक आता इंटेलच्या चिपवर चालणार. म्हणजे मिक्सर तोच, वरचं नाव तेच, पण आतली मोटर दुसऱ्या कंपनीची. आणि जुनी भांडी नव्या मोटरवर बसतीलच असं नाही.

कारणं थोडक्यात सांगतो. २००३ मध्ये जॉब्जनं सांगितलं होतं, वर्षभरात तीन गिगाहर्ट्झ वेगाचा जी फाइव्ह, म्हणजे नव्या पॉवरपीसी चिपचा मॅक, देतो. दोन वर्षं झाली, तो काही आला नाही. शिवाय ती चिप इतकी तापायची, की लॅपटॉपमध्ये घालायची सोय नाही. जॉब्जनं आकडाच मांडला : तेवढ्याच विजेत पॉवरपीसीचं काम १५, इंटेलचं ७०. झालं कारण. मला खरी सांगायचीय ती पुढची गोष्ट.

त्या दिवशी जॉब्जनं आणखी एक गुपित फोडलं. मॅकची प्रणाली, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम, गेली पाच वर्षं गुपचूप इंटेलवरही चालवून पाहिली जात होती. पाच वर्षं! आणि ते सगळं सुरू कसं झालं, तर एका माणसाला आपलं लेकरू आजी-आजोबांच्या जवळ वाढवायचं होतं म्हणून.

जेके शाइनबर्ग हा अ‍ॅपलमधला इंजिनिअर. त्याच्या बायकोनं, किमनं, २०१२ मध्ये ही हकीकत इंटरनेटवर लिहिली, म्हणून आपल्याला कळली. मूल लहान, आजी-आजोबा अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व किनाऱ्यावर. तिकडे राहायला जायचं तर लांब बसून एकट्याला करता येईल असं काम हवं. त्यानं साहेबांकडून मागून घेतलं : मॅकची प्रणाली इंटेलच्या मशीनवर बसवून बघतो. साल २०००. हा बसला एकटाच काम करत. कंपनीत फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं, त्यामुळे मशीन मागायची तरी कुठल्या खात्यातून? एका मित्राकडूनच पीसी घेतले. तीन ऑफिसात, तीन घरी.

डिसेंबर २००१ उजाडला. जो सोकोल नावाचे शाइनबर्गचे साहेब त्याच्या खोलीत आले. म्हणाले, बाबा रे, बजेटमध्ये तुझा पगार कशासाठी ते लिहायचंय, तू करतोस काय ते तरी दाखव. शाइनबर्गनं समोरचा साधा पीसी सुरू केला आणि पडद्यावर उमटलं ते मॅकचं स्वागत. सोकोलसाहेब गप्प. मग म्हणाले, आलोच मी. आणि परत आले ते बर्ट्रांड सर्ले यांना घेऊन. सर्ले म्हणजे त्या खात्यातले आणखी वरचे साहेब.

किम तेव्हा नवऱ्याला घरी न्यायला आलेली, कडेवर वर्षाचं पोर. ती हे सगळं बघतेय.

सर्लेंनी पीसी सुरू होताना पाहिला आणि विचारलं, हे सोनीच्या वायो लॅपटॉपवर चालवायला किती वेळ लागेल? दोन आठवडे? तीन? शाइनबर्ग म्हणाला, दोन तास. फार तर तीन.

सर्ले म्हणाले, मग जा, दुकानातला सगळ्यात महागडा वायो घेऊन ये. निघाली वरात! नवरा, बायको आणि वर्षाचं पोर, तिघं जण फ्राइज नावाच्या दुकानात. तासाभरात परत. आणि संध्याकाळी साडेसातला सोनीच्या लॅपटॉपवर मॅक चालू! किम लिहिते, दुसऱ्याच दिवशी सकाळी स्टीव्ह जॉब्ज सोनीच्या अध्यक्षांना भेटायला जपानच्या विमानात बसला होता.

सोनीशी काही जमलं नाही, मॅकचा वायो बाजारात आला नाही. पण काम वाढलं, आणखी माणसं जोडली गेली, गुप्ततेच्या कागदांवर सह्या झाल्या. इतक्या की ज्या बायकोनं सगळं डोळ्यांनी पाहिलं, तिच्याशीही तो विषय काढायची बंदी!

याच शाइनबर्गनं २००८ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी निवृत्ती घेतली. घरी करमेना, म्हणून अ‍ॅपलच्या दुकानात दुरुस्तीच्या काउंटरवर कामाला यायला तयार झाला. मुलाखत झाली, तिघांनी सांगितलं, कळवतो. पुढे निरोपच नाही. पन्नाशी उलटली की माणूस कामातून गेला असं समजायची ही खोड सगळीकडचीच आहे. त्यावर एकदा वेगळं बोलायलाच हवं. असो.

आता ग्राहकाकडे येतो. कंपनीकडे तयारीला पाच वर्षं होती. ग्राहकाला कळलं एका सकाळी. हे मी पुन्हा सांगतो : कंपनीकडे पाच वर्षं, ग्राहकाकडे एक सकाळ.

तो जी फाइव्ह तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का? अ‍ॅल्युमिनियमची पेटी, पुढून जाळीदार, वर-खाली उचलायच्या मुठी, वजन वीस किलोच्या आसपास आणि आत नऊ पंखे. ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे घोषणा झाल्यावरसुद्धा, त्याचं चार कोअरचं मॉडेल आलं. अमेरिकेत किंमत ३,२९९ डॉलर. निष्ठावंतांनी तेही घेतलं. ऑगस्ट २००९ मध्ये मॅकची नवी प्रणाली आली, स्नो लेपर्ड, ती या मशीनवर बसेच ना. चार वर्षंही झाली नव्हती. मशीन ठणठणीत, पंखे फिरतायत, पण नवं काही चढत नाही.

बरं, नवा इंटेलवाला मॅक घेतलेल्यांचं काय? जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून आत रोझेटा नावाचा दुभाषा दिला होता. चालायचे, पण रखडत. फोटोशॉपची इंटेलवर नीट धावणारी आवृत्ती यायला २००७ उजाडलं. तोवर पान लावणाऱ्या माणसानं नवं, महाग मशीन घेऊन जुन्यापेक्षा हळू काम करायचं. मॅकच्या नवव्या प्रणालीसाठीचे त्याहून जुने प्रोग्रॅम तर इंटेलवर उघडायचेच नाहीत. आणि २०११ मध्ये तो दुभाषाही काढून टाकला.

निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. लॅपटॉप खरोखरच वेगवान झाले, मॅकवर विंडोजही चालायला लागलं, गिऱ्हाईक वाढलं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. जानेवारी २००६ मध्ये इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी तोच चकचकीत पोशाख घालून अ‍ॅपलच्या व्यासपीठावर आले, जॉब्जशी हस्तांदोलन झालं, सभागृहात टाळ्या. ज्या पोशाखाला धूर काढून दाखवला, तोच पोशाख! कंपन्यांचं हसतखेळत मिटलं. पण आठ वर्षं मित्रांशी भांडलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर काय तोंड दाखवायचं?

आणि ही जुनी गोष्ट नाही बरं का. २०२० मध्ये अ‍ॅपलनं इंटेललाही रामराम ठोकला आणि स्वतःची चिप आणली, एम वन. पुन्हा रोझेटा, पुन्हा जुन्यांची धाकधूक. चिप उत्तम आहे, थंड राहते, बॅटरी टिकते. पण इंटेलवाल्या मॅकना चालणारी शेवटची मोठी आवृत्ती म्हणजे २०२५ मधली टाहो, हे कंपनीनंच सांगितलंय. त्यातही सगळी इंटेलवाली मॉडेलं बसत नाहीत.

तेव्हा घरात मॅक असेल तर वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारा, पहिलीच ओळ उघडा आणि प्रोसेसर किंवा चिप यापुढे काय लिहिलंय ते वाचा. इंटेल असेल तर लगेच विकायला काढू नका, चालू मशीन चालूच राहतं. फक्त फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. आणि दुकानदार म्हणाला, स्वस्तात देतो, जुना पण इंटेलवाला मॅक आहे, तर किंमत विचारण्याआधी त्यावर टाहो बसते का ते विचारा.

नमस्कार.