एलियाहू नावाची फोड

नमस्कार श्रोतेहो. आज एकच नाव घेऊ: एलियाहू. हा यहुद्यांचा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. मराठी बायबलातला एलीया तो हाच, अरबीतला इलियासही हाच.

नावाचे तुकडे तीन. एल म्हणजे देव. ई म्हणजे माझा. आणि याहू हे याहवे या इस्राएलींच्या देवनामाचं आखूड रूप. पुन्हा सांगतो: एल, ई, याहू. माझा देव याहवे. मधला ई विसरलात, की 'माझा' गळून पडतो. नेतन्याहूच्या शेपटाला आहे तेही हेच याहू. मोबाइलवरच्या बाळांच्या नावांच्या यादीत दर दुसऱ्या नावाचा अर्थ 'तेजस्वी' असतो. नाव आधी फोडावं, मग ठेवावं!

आता हे 'माझा' ठणकावून सांगायची वेळ का आली? इसवीसनपूर्व नववं शतक, उत्तरेकडचं इस्राएल, राजा अहाब. राणी ईजबेल सीदोनची राजकन्या, तिचं दैवत बआल. बआल पावसाचा देव, आणि पाऊस तर वर्षानुवर्षं बेपत्ता! एलियाहूनं कर्मेल डोंगरावर बआलचे 450 संदेष्टे बोलावले. बळीसाठी दोन गोऱ्हे, लाकडं रचलेली, पण विस्तव कुणी लावायचा नाही. जो आग पाठवील तो देव. सकाळपासून ते ओरडले, नाचले, अंगावर वार करून घेतले. दुपारी एलियाहू म्हणतो, "अजून मोठ्यानं! झोपला असेल, नाहीतर प्रवासाला गेला असेल." मग त्यानं 12 दगडांची वेदी रचली, भोवती चर खणला, लाकडांवर चार घागरी पाणी ओतायला लावलं. एकदा नाही, तीनदा. चार त्रिक बारा! चर तुडुंब. प्रार्थना झाली, आग पडली. लाकडं, दगड, चरातलं पाणीसुद्धा चाटून गेली. लोक पालथे पडून ओरडले, "याहवे हाच देव! याहवे हाच देव!" नीट ऐका: एलियाहूच्याच नावाचा अर्थ, पण आता सगळ्या गर्दीच्या तोंडी. आणि गंमत बघा, बआलला देऊळ बांधणाऱ्या अहाबाच्या मुलांची नावं अहज्याहू आणि यहोराम. दोन्हींत याहवे आहेच!

कोकणातल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी, एलियाहूचा एलोजी केला. अलिबागजवळ खंडाळ्याला तो येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा, खडकावरची खूणही दाखवतात. त्याच्या नावानं नवस फेडताना मलिदा करतात: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. पोहे फक्त धुऊन निथळायचे. साखरेला पाणी सुटतं, त्यामुळे भिजत ठेवलेत तर लगदा ठरलेला.