चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

(दृश्य: ओआरएसच्या पुडीची मागची बाजू. अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून.)

मीठ 2.6 ग्रॅम. ग्लुकोज 13.5 ग्रॅम. पोटॅशियम क्लोराईड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. सगळं मिळून साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यात.

जुलाब-उलट्या झाल्यावर पाण्यात घालून पाजायच्या ओआरएसच्या या पुडीला मराठीत जलसंजीवनी म्हणतात. नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याला दाद द्यायला हवी. पुराणातली संजीवनी विद्या शुक्राचार्यांनी इतकी जपून ठेवली होती, की ती मिळवायला कचाला त्यांच्या पोटात जावं लागलं. ही संजीवनी मात्र पाकिटाच्या पाठीवरच छापलेली असते. वाचा आणि करा.

(दृश्य: पावसात भिजलेला रस्ता, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं.)

1971 चा पावसाळा. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, जवळपास एक कोटी माणसं भारतात आली होती. सीमेलगतच्या बनगावात छावण्या उभ्या राहिल्या आणि पाठोपाठ पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. यात तासाला लिटरभर पाणी अंगातून निघून जाऊ शकतं. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस रात्रीपर्यंत जातो.

कोलकात्याहून तिथं पोचले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस. इस्पितळातल्या दोन खोल्या जमिनीवर झोपवलेल्या रुग्णांनी भरलेल्या. सलाईन लावायचं तर उलटी-जुलाबाच्या घाणीतच गुडघे टेकावे लागत, असं त्यांनी पुढे सांगितलं होतं. थोड्याच दिवसांत सलाईनच्या बाटल्याही संपत आल्या.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती नेहमी गाळली जाते. तोंडावाटे द्यायच्या या पाण्याचा शोध महालनबीसांनी लावलेला नव्हता. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी नुसतं वाहत असतं. साधं पाणी पाजा, ते तसंच निघून जातं. पण आतड्याच्या अस्तरातला एक दरवाजा तेव्हाही चालू राहतो. त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर ती वापरून दाखवली. म्हणजे ज्ञान तयार होतं. पण ते वॉर्डात, शिकलेल्या हातांत, मोजमापाच्या भांड्यांसह. बनगावात यातलं काहीच नव्हतं.

महालनबीसांनी मग जे केलं, त्याला त्या काळी बेजबाबदारपणा म्हणणारे डॉक्टर कमी नसते. त्यांनी औषध नातेवाइकांच्या हातात दिलं.

कोलकात्याच्या त्यांच्या संशोधन केंद्रातल्या वाचनालयाच्या खोलीत पुड्या बांधायचं काम सुरू झालं. लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं कपड्यांच्या गरम इस्त्रीनं बंद करायची. छावणीत तोटी लावलेले पिंप ठेवले होते. आई, भाऊ, शेजारीण, कुणीही पेला भरायचा आणि रुग्णाला पाजत राहायचं.

छावणीतला मृत्युदर तोवर 30 टक्क्यांच्या घरात होता. हे पाणी दिलेल्या तीन हजारांहून जास्त रुग्णांत तो 3.6 टक्क्यांवर आला.

आणि मग आलं ते पत्रक. मीठ-ग्लुकोज कसं मिसळायचं याची पत्रकं सीमेवर वाटली गेली. बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ही कृती सांगितली गेली. लढाई चालू असताना, लपूनछपून चालवलेल्या रेडिओवर, जुलाबावरचा उपाय! मला या सगळ्या कहाणीतला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो.

पेटंट कुणी घेतलं नाही. तरीही वैद्यकीय जगाला पटायला वेळ लागला. सुईशिवाय उपचार, तोही आईच्या हातून, हे अनेकांच्या गळी उतरेना. 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ग्लुकोज-सोडियमच्या या जोडीचा शोध शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असं म्हटलं. महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, 2023 मध्ये मिळालं.

(दृश्य: बांगलादेशातलं खेडं. मातीनं सारवलेलं अंगण.)

पण पुडी तरी खेड्यात कुठून आणायची? 1980 पासून दहा वर्षं ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका बांगलादेशात दारोदार फिरल्या. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी. घरातलंच भांडं मागायचं, अर्धा शेर पाणी मोजून ओतायचं आणि पाणी जिथवर आलं तिथं खूण करून द्यायची. हा उगाचचा काटेकोरपणा नव्हता. मीठ जास्त झालं तर लहान मूल दगावू शकतं.

शिकवणारीचा पगारही हुशारीनं ठरवलेला. काही दिवसांनी दुसरं माणूस येऊन त्यातल्या थोड्या घरांत विचारायचं. आईला जेवढं आठवतं, त्यावर शिकवणारीचे पैसे.

तरी सुरुवातीला बायका कृती घडाघडा म्हणायच्या, पण वापरायच्या नाहीत. शोध घेतला तर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना रुग्णालयात नेऊन परिणाम दाखवला आणि शिकवताना आधी स्वतः एक घोट घ्यायचा, असं ठरलं.

आपल्या दुकानांत मात्र उलटा प्रकार झाला. कृती फुकट, म्हणून नाव उसनं घेतलं गेलं: ‘ओआरएस’ लिहिलेली गोड सरबतं, ज्यांतली जादा साखर जुलाब वाढवते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्या नावाला मनाई केली.

(दृश्य: आपलंच स्वयंपाकघर. तांब्या, डबे.)

पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी घ्या. सहा सपाट चहाचे चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. ढवळा. पाजण्याआधी स्वतः चाखून बघा. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट चालेल. त्याहून खारट लागलं, तर ओतून द्या आणि पुन्हा करा.