पहिले आठ तास

मंडळी, पॅरासिटामॉलच्या विषबाधेत पहिला दिवस फसवा असतो. पोटात ढवळतं, एखादी उलटी होते, मग रोगी उठून बसतो, चहा मागतो. यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी, एसजीपीटीसुद्धा बऱ्याचदा नॉर्मल येते. ती चढते 24 तासांनंतर. तोवर थांबलात तर उताऱ्याच्या औषधाची खरी वेळ निघून गेलेली असते.

एडिंबराचे डॉक्टर लॉरी प्रेस्कॉट यांनी म्हणून यकृताऐवजी रक्तातलं पॅरासिटामॉल मोजलं, तेही पुन्हापुन्हा. एरवी ते दोन-अडीच तासांत निम्म्यावर येतं. ज्यांना चार तासांहून जास्त लागतात, त्यांच्या यकृताला इजा होण्याचा धोका मोठा, हे त्यांनी 1971 मध्ये दाखवलं. पहिला नमुना मात्र गोळ्या घेतल्यावर चार तासांच्या आत काढू नये. औषध तेव्हा आतड्यातून शोषलंच जात असतं; आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

यकृत का मरतं, हे 1973 मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाचे संशोधक मिचेल, जोलो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर उलगडलं. औषधाच्या थोड्या भागाचं एक जहाल द्रव्य बनतं, आज त्याला एनएपीक्यूआय म्हणतात. पेशीतलं संरक्षक द्रव्य ग्लुटाथायोन त्याला बांधून टाकतं. ग्लुटाथायोनचा साठा सुमारे 30 टक्क्यांखाली गेला की ते जहाल द्रव्य पेशींच्या प्रथिनांना चिकटतं. एखादा काढा यकृत वाचवतो का, हे बघायला उंदरांवर हा प्रयोग करणाऱ्यांनी एक सांभाळावं. पॅरासिटामॉल विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हे विद्रावक वापरलात, तर हे जहाल द्रव्य बनवणारं एन्झाइमच दबतं आणि तुमचा काढा फुकटात ‘यकृतरक्षक’ ठरतो! त्यापेक्षा कोमट सलाइन बरं.

ग्लुटाथायोन थेट दिलं तर पेशीत नीट शिरत नाही, त्याचा कच्चा माल द्यावा लागतो. प्रेस्कॉट यांनी आधी सिस्टीमिन वापरलं. यकृत वाचायचं, पण रोगी उलट्यांनी बेजार. मग आलं अ‍ॅसिटिलसिस्टीन, मुळात कफ पातळ करण्याचं औषध. 1979 च्या त्यांच्या अहवालात 10 तासांच्या आत ड्रिप लागलेल्या 62 जणांपैकी एकाच्याच यकृताला गंभीर इजा झाली; उशिरा आलेल्या 38 पैकी 20 जणांच्या. आठ तासांच्या आत तर संरक्षण जवळजवळ पूर्ण.

डोस वजनावर असतो. मूळ पद्धतीत किलोमागे 150 मिलिग्रॅम 15 मिनिटांत, मग 50 चार तासांत, मग 100 सोळा तासांत. साठ किलोच्या माणसाला 9, 3 आणि 6 ग्रॅम. 200 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं इंजेक्शन असेल तर 45, 15 आणि 30 मिलिलिटर, 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. तीन बाटल्या, तीन हिशेब. गफलत इथेच होते. दुसरी अडचण पहिल्या बाटलीची. ती वेगात गेली की अंग लाल होतं, खाज सुटते, दम्याच्या रोग्याला धाप लागते. अशा वेळी ड्रिप थांबवून अँटिहिस्टामिन द्यावं, लक्षणं ओसरली की कमी वेगानं पुन्हा सुरू करावी. म्हणून ब्रिटनमध्ये 2012 मध्ये पहिली बाटली 15 मिनिटांऐवजी तासाभरात द्यायचं ठरलं.