रुमाल, घडणी आणि के. डब्ल्यू.

(दफ्तरखान्यांच्या सूच्या कशा वाचाव्यात, या विषयावरच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईच्या सरकारी कागदांच्या संग्रहात, मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा एका देवस्थानाला सरकारातून वर्षाला किती पैसे जात, याचा हिशेब लावत होतो. रोजकीर्दीत एक रक्कम सापडली, टिपून घेतली. चार दिवसांनी घडणीच्या रुमालात, म्हणजे गठ्ठ्यात, तेवढीच रक्कम दिसली, तीही टिपली. दोन्हींची बेरीज केली आणि पेशव्यांच्या दानशूरपणावर दोन पानं लिहून मोकळा झालो. शेजारी बसणाऱ्या एका वयस्कर मोडी वाचकांनी ती पानं पाहिली. म्हणाले, "अहो, तुमच्या घरी किराणा दुकान नव्हतं वाटतं कधी?"

रोजकीर्द म्हणजे रोजच्या रोज, तारीखवार लिहिलेला जमाखर्च. घडणी म्हणजे त्याच नोंदी पुढे खातेवार लावलेल्या. आपली कीर्द आणि खतावणीच की ती! एकच रुपया दोन जागी लिहिलेला होता आणि मी तो दोनदा दिला होता.

तेव्हापासून सूची उघडली की मी आधी एकच प्रश्न विचारतो. हा कागद कोणाच्या फडावर, म्हणजे कचेरीत, कोणत्या कामासाठी लिहिला गेला? कारण सूचीतले शब्द बहुतेक त्या फडाचे असतात, तुमच्या-माझ्या विषयाचे नसतात. 'स्त्रिया', 'दुष्काळ', 'जात' असे शब्द घेऊन सूचीत शिरलात तर हात हलवत परत याल. दुष्काळ तिथे असतो, पण सारामाफीच्या हिशेबात, गावाच्या अर्जात, अजमासात असतो. अजमास म्हणजे उत्पन्नाचा अंदाज. तो मागच्या सालापेक्षा का घसरला, हे विचारलंत की दुष्काळ समोर येतो.

जगभरच्या अभिलेखागारांनी हाच विचार नियम म्हणून स्वीकारला आहे. फ्रान्समध्ये 1841 साली एक परिपत्रक निघालं: एका कार्यालयाचे कागद एकत्र ठेवा, विषयवार फोडू नका. अशा समूहाला ते 'फाँ' म्हणतात. त्याच्या पोटात मालिका, मालिकेत फाइल, फाइलीत सुटा कागद. आपल्याकडे दफ्तर, रुमाल, पुडकं, कागद. उतरंड साधारण तीच. फक्त रुमाल हा खरोखरच रुमाल आहे, कागद बांधायचा चौकोनी कापडाचा तुकडा. त्यात किती कागद मावतील हे गाठ मारणाऱ्यावर अवलंबून. त्यामुळे 'पाच रुमाल पाहिले' यावरून काम किती झालं ते कळत नाही.

आता पेशवे दफ्तर ज्या इमारतीत आहे तिचं जुनं नाव घ्या. एलियनेशन ऑफिस. एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, सर, इथे मनाच्या दुराव्यावर काय मिळणार? इंग्रजांच्या महसुली भाषेत एलियनेशन म्हणजे सरकारने आपल्या हातून सोडलेला सारा. इनाम जमिनी, वतनं, देवस्थानं. ही इनामं खरी की खोटी हे तपासायला इनाम कमिशन बसलं, 1852 चा अकरावा कायदा झाला, आणि पुरावा म्हणून पेशवाईचे हिशेब सांभाळले गेले. इतिहासासाठी कोणी सांभाळले नव्हते. म्हणूनच त्या दफ्तरात हिशेब उदंड आहेत आणि पत्रव्यवहार शोधावा लागतो. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यातून वेचे काढून 45 खंड छापले. त्याच दफ्तरात 'जमाव' नावाचा एक विभाग आहे. तिथे दंगलीचे कागद शोधू नका. इनाम कमिशनने वतनदारांकडून जमा केलेले कागद आहेत ते.

गोव्याकडे असंच एक गमतीचं नाव आहे. पणजीच्या अभिलेखागारातली 'मोंसोंइश दु रैनु' ही मालिका. इंग्रजीत तिला मान्सून बुक्स म्हणतात. पावसाच्या नोंदी म्हणून हवामानाच्या अभ्यासकाने मागवली तर पदरी पडतील लिस्बन आणि गोवा यांच्यामधली सरकारी पत्रं. जहाजं मोसमी वाऱ्यांवर ये-जा करत, टपाल त्यांच्याबरोबर, म्हणून ग्रंथांना नाव मोसमाचं. आणि मराठ्यांविषयी वाचायचं असेल तर 'रैश व्हिझिन्युश' मागा, म्हणजे शेजारचे राजे. पोर्तुगीज सरकारच्या मेजावरून पाहिलं तर छत्रपती हे शेजारीच, नाही का?

तारखांवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे घसरतात. मोडी कागदावर सालाच्या जागी असतं: 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी आकडे आहेत, एकं आधी आणि हजार शेवटी. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. 1161. हा सुहूर सन. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. कोणता आकडा, हे ठरतं मृगावर. हे साल सूर्य मृगात शिरला की, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं. तेव्हा 1760 च्या जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599, आणि 1761 च्या जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपताच्या मोहिमेचे शेवटचे महिने आणि 14 जानेवारी 1761 ची लढाई या एकाच सालात बसतात. सूचीकाराने नुसतं '1760' लिहिलं असेल तर पानिपतानंतरचा कागद पानिपताआधी जाऊन बसतो. सूचीत कंसात दिलेलं इसवी साल हे कोणीतरी केलेलं गणित असतं, ते स्वतः करून पाहावं. तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख.

इंग्रजी कागदांतही तारखेचा चकवा आहेच. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ईस्ट इंडिया कंपनीच्या परराष्ट्र खात्याचे जुने कागद 'कन्सल्टेशन' म्हणून नोंदलेले असतात. सोबतची तारीख पत्राची नसते, कौन्सिलच्या ज्या बैठकीपुढे ते पत्र आलं तिची असते. पुण्याहून रेसिडेंटाने, म्हणजे कंपनीच्या वकिलाने, पत्र लिहिलं, ते कलकत्त्याला पोचलं, बैठकीत वाचलं गेलं. मध्ये आठवडे गेले. लढाईनंतर दीड महिन्याने बातमी आली असं लिहिण्याआधी मूळ पत्राची तारीख बघा.

नंतरच्या काळात 'प्रोसीडिंग्ज ए' आणि 'बी', म्हणजे खात्याच्या कामकाजाचे कागद, येतात. 'ए' महत्त्वाचे, 'बी' त्या मानाने दुय्यम. महत्त्व अर्थातच खात्याच्या दृष्टीने. माझा अनुभव असा की सामान्य माणूस 'बी'मध्ये जास्त भेटतो. आणि क्रमांकापुढे 'के. डब्ल्यू.' असेल तर ते जरूर मागवा. कीप विथ. मूळ कागदासोबत ठेवायची टिपणं. साहेबांनी एकमेकांना लिहिलेले शेरे, खोडाखोड, ठराव होण्याआधीची भांडणं तिथे असतात. ठराव सगळे वाचतात, के. डब्ल्यू. फार थोडे.

मुंबईच्या अभिलेखागारात खात्याचं नाव, साल, व्हॉल्यूम आणि 'कम्पायलेशन' क्रमांक, एवढं सगळं चिठ्ठीवर लिहावं लागतं. कम्पायलेशन म्हणजे एका प्रकरणाचे एकत्र शिवलेले कागद. एका व्हॉल्यूममध्ये अशी बरीच असतात. क्रमांक लिहिला नाहीत तर दिवस पानं उलटण्यात जातो. माझे गेलेत.

शेवटी एक छोटी गोष्ट. दिल्लीत कधी मागणीची चिठ्ठी परत येते आणि तिच्यावर दोनच अक्षरं असतात, 'एन. टी.'. नॉट ट्रान्सफर्ड. नवखा माणूस समजतो, कागद नष्ट झाला. तसं नव्हे. तो मूळ खात्याकडून अभिलेखागारात आलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. खात्याच्या गोदामात असेल, नसेलही. पण त्या फाइलीचा विषय इतर खात्यांकडेही गेला असण्याची शक्यता मोठी असते. पैशाचा प्रश्न असेल तर अर्थखात्याकडे, जमिनीचा असेल तर महसूल खात्याकडे. तिथली त्या सालाची अनुक्रमणिका मागवा. मला एकदा हवी असलेली फाइल नाहीच मिळाली, पण तिची नक्कल अशीच दुसऱ्या खात्याच्या 'बी'मध्ये शिवलेली निघाली, समासातल्या शेऱ्यांसकट.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मोडीची झेरॉक्स आणलेल्यांनी पुढे या, तारखा एकत्रच लावून बघू.