वहिनीचं दुसरं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या डिचोलीच्या घरी देवघराशेजारच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. वरचं आपलं, दूध, शाळा, कदंबची बस, सगळं त्याच्यावर चालतं. खालचं निळ्या काठाचं, प्लास्टिकचं. ते इंग्लंडचं. पुतण्या स्विंडनला नोकरीला गेला, त्याच आठवड्यात वहिनीनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ते आणलं आणि साडेपाच तास मागे लावून टांगलं. पोरगा आता जेवला असेल, आता झोपला असेल, हे भिंतीकडे बघून कळावं एवढाच हेतू.

तो गेला नोव्हेंबरात. दर रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिथल्या दुपारी तीनला, त्याचा फोन यायचा. मार्च संपता संपता एका रविवारी तो साडेसातलाच वाजला. वहिनी देवापुढे, हातात निरांजन. अवेळी फोन म्हणजे काहीतरी वाईटच, असं तिच्या मनात आलं. निरांजन तसंच ठेवून धावली, तर पोरगा हसतोय. "आई, इथं तीनच वाजलेत. काल रात्री सरकारनं घड्याळ तासभर पुढे केलं."

वहिनीनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "भावजी, घड्याळ सरकारचं कधीपासून झालं?"

तर त्याची गोष्ट अशी. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी, रात्री एक वाजला की थेट दोन वाजतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन वाजायच्या जागी पुन्हा एक वाजतो. याला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात. तिथं या कल्पनेचा पाठपुरावा केला विल्यम विलेट नावाच्या घरं बांधणाऱ्या गृहस्थानं. सकाळी घोड्यावरून रपेटीला निघावं, तर ऊन वर आलेलं आणि घरोघरी अजून पडदे ओढलेले. त्याला ते बघवेना. १९०७ मध्ये त्यानं पुस्तिकाच काढली. त्याची मूळ योजना होती एप्रिलचे चार रविवार, दर रविवारी २० मिनिटं. म्हणजे आमच्या वहिनीला महिनाभर स्टुलावरच उभं राहावं लागलं असतं! विलेट १९१५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, महायुद्धात संध्याकाळचे दिवे उशिरा लागून कोळसा वाचावा म्हणून, आधी जर्मनीनं आणि तीन आठवड्यांत ब्रिटननं घड्याळं पुढे केली. दोघांचं त्या वर्षी एवढ्या एकाच बाबतीत जमलं असावं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानचीही घड्याळं १९४२ ते १९४५ तासभर पुढे होती. गोव्यात तेव्हा राज्य पोर्तुगिजांचं.

हे सगळं शेतकऱ्यांसाठी केलं, असं अजून ऐकायला मिळतं. खरं तर उलट आहे. अमेरिकेत शेतकऱ्यांनीच ओरड केली आणि १९१९ मध्ये तो कायदा रद्द झाला. गाय काही घड्याळ बघून पान्हा सोडत नाही.

पुतण्याला विचारलं, तुला कसं वाटतं? मार्चमध्ये तो शिव्या घालतो, कारण सुट्टीच्या रविवारातलाच तास जातो. ऑक्टोबरात एकदा त्याची गोदामात रात्रपाळी होती. "काका, एक ते दोन हा तास मी दोनदा राबलो," म्हणाला. पण जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेडात क्रिकेट खेळता येतं, ते मात्र त्याला सोडायचं नाही. तिथं जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा आठ तासांचाही नाही. आपल्या पणजीत मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान दिवसात दोन तासांचाही फरक पडत नाही.

युरोपभर हेच त्रांगडं आहे. २०१८ मध्ये युरोपियन युनियननं लोकांची मतं मागवली. ४६ लाख उत्तरं आली, त्यातली ८४ टक्के म्हणाली, हा खेळ बंद करा. २०१९ मध्ये तिथल्या संसदेनंही तसाच कौल दिला. पण बंद करून कायम ठेवायची कुठली वेळ, उन्हाळ्याची की हिवाळ्याची? तिथं गाडं अडलं, ते अडलंच. आपल्या ग्रामसभेत रस्ता सगळ्यांना हवा असतो आणि कुणाच्या कुळागरातून जावा यावर सभा उठते, तसं.

पोर्तुगालनं तर चटका खाऊन बघितलाय. १९९२ मध्ये त्यांनी मध्य युरोपची वेळ स्वीकारली, म्हणजे सूर्य तोच आणि घड्याळ आणखी तासभर पुढे. लिस्बनमध्ये उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड, पोरं झोपायला तयार नाहीत. हिवाळ्यात सूर्य उगवायला नऊ वाजायला आले, पोरं अंधारात शाळेला. १९९६ मध्ये मुकाट्यानं जुनी वेळ परत आणली.

आता आपण हसतो खरे, पण आपलं घड्याळ तरी सूर्याशी कुठं जुळतं? भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, तिकडे मिर्झापूरजवळची. गोवा चौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला ४ मिनिटं धरली, तर सूर्य आपल्या माथ्यावर ३४-३५ मिनिटं उशिरा पोचतो. मे महिन्याच्या सुरुवातीला अंगणात उतरून बघा. घड्याळात बारा वाजलेले असतात आणि तुळशीवृंदावनाची सावली अजून पश्चिमेला वीतभर पसरलेली असते. ती पायाशी गोळा होते साडेबाराला. पण ही चूक जागची हलत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. आसामात मात्र सूर्य फार लवकर उगवतो, म्हणून चहाच्या मळ्यांनी स्वतःची तासभर पुढची 'बागान टाइम' ठेवली आहे. माझं मत विचाराल तर मला हे पटतं. कामाची वेळ हलवा, काटे कशाला हलवता?

वहिनीला मात्र काटे हलवावेच लागतात. दिवाळी तोंडावर आलीय. पोराला व्हिडिओ कॉलवर नरकासुर जळताना बघायचा असतो. आमच्या वाड्यावर तो पहाटे पाचला जाळतात. ऑक्टोबरचा तो शेवटचा रविवार व्हायच्या आधी दिवाळी आली, तर त्याचे रात्रीचे साडेबारा होतात. नंतर आली, तर साडेअकरा. यंदा नंतर आहे, म्हणून स्वारी खूश.

येत्या रविवारी निळं घड्याळ तासभर मागे जायचं आहे. पण काटा उलटा फिरवला की यंत्र बिघडतं, असं वहिनीला लहानपणी तिच्या वडिलांनी बजावलेलं. त्यामुळे ती एक तास मागे नेत नाही, अकरा तास पुढे नेते. अकरा फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत मी खाली स्टूल धरून उभा असतो.

नमस्कार.