झरोका उघडा राहू दे

(अंधार. बर्फावर बुटांचा आवाज.)

सकाळचे पावणेसात. जानेवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटात या वेळेला मिट्ट काळोख असतो. पारा उणे २६ वर आहे. इतक्या थंडीत बर्फ बुटाखाली कसा करकरतो, ऐका. इथं कोंबड्या पाळणाऱ्या काकूंच्या एका हातात कोमट पाण्याची बादली, दुसऱ्या हातात दाण्याचा डबा.

परसाच्या कोपऱ्यात लाकडी खुराडं. आठ बाय सहा फुटांचं. आत नऊ कोंबड्या. कोंबडा नाही, कारण इथल्या बऱ्याच शहरांत कोंबड्या चालतात, आरवणारा चालत नाही. दाराशी रबरी बुटांचा वेगळा जोड दिसतोय. २०२२ पासून इथं बर्ड फ्लू येऊन-जाऊन आहे, म्हणून बूट बदलल्याशिवाय आत पाऊल नाही. आम्हीही बदलले.

पहिलं काम पाण्याचं. रबरी घमेल्यात रात्रीचं पाणी दगड झालंय. काकू घमेलं उपडं करतात, बुडावर टाच मारतात, आणि तव्याएवढी बर्फाची चकती टणकन बाहेर पडते. प्लॅस्टिकचं भांडं अशा थंडीत तडकतं, रबर वाकतं. घमेली दोन आहेत, एक इथं, एक घरात वितळायला. चकती मात्र काकू फेकत नाहीत, कुंपणाला टेकवून ठेवतात. डिसेंबरपासूनची रांग बघा. या चकतीत मक्याचा दाणा अडकलाय. त्या पलीकडच्या चकतीत एक तांबूस पीस.

पाणी इतकं महत्त्वाचं का? कोंबडी तहानलेली राहिली की दाणा कमी खाते. आणि थंडीत दाणा हेच तिचं सरपण.

(फळीवर बसलेल्या कोंबड्या, जवळून.)

कोंबडीचं अंग मुळातच गरम, ४१ अंशांच्या आसपास. थंडीत ती पिसं फुलवते आणि पिसांमधली हवा तिची गोधडी होते. पाय उघडे असतात, पण त्यांचीही सोय आहे. पायाकडे जाणारं गरम रक्त वाटेतच परत येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, त्यामुळे अंगातली उष्णता पायावाटे निसटत नाही.

आता फळी बघा. आपल्याकडे कोंबड्या गोल दांडीवर नाहीतर झाडाच्या फांदीवर बसतात, बोटांनी घट्ट धरून. इथं काकूंनी दोन बाय चार इंचांची फळी रुंद बाजू वर करून ठोकली आहे. त्यामुळे कोंबडी बोटं पसरून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर येतात. एकही नख दिसत नाही. अख्ख्या चित्रीकरणात मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच.

काकू माणदेशातल्या. माहेरी आजीचं खुराडं मातीचं, तोंडाला फळी, वर गोणपाट. पावसापाण्याचं पाखरांना झाकायचं, हे लहानपणापासून हाताला ठाऊक. म्हणून इथल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी तेच केलं, पण चौपट मायेनं. फटीफटीत कापूस कोंबला, भिंतींना प्लॅस्टिक लावलं, छपराखालची जाळी बंद केली. वाऱ्याला शिरायला जागा ठेवली नाही.

सकाळी दार उघडलं तर छताला आतून दव. खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी, तीही आतल्या बाजूनं. नाक झोंबेल असा अमोनियाचा वास. आणि तुऱ्यांची टोकं काळी पडलेली. त्या हिवाळ्यात दोन कोंबड्या गेल्या.

झालं काय, ते नीट समजून घ्यायला हवं. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगातलं पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. रात्रभर नऊ कोंबड्या बंद खोलीत श्वास सोडतात, ती वाफ तुऱ्यावर बसते आणि ओला तुरा गारठतो. कोरड्या हवेत कोंबडी मोठी थंडी काढते. ओल्या हवेत त्याहून कमी थंडीतही तुरा हिमदंशानं जातो.

(छपराखालचा झरोका. लोकरीचा धागा.)

हा झरोका आता बाराही महिने उघडा असतो. कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा उंच, समोरासमोर दोन, दोन्हींना बारीक तारेची जाळी, कारण मुंगसासारखा दिसणारा इथला वीझल इंचभर भोकातूनही आत शिरतो. काकूंनी जाळीला लोकरीचा धागा बांधलाय. तो हलतोय बघा. म्हणजे ओलसर हवा वरून निघून जातेय. आता कॅमेरा खाली फळीपाशी येतोय. पाठीवरचं इतकंसं पीसही हलत नाही. वर हवा खेळती आणि खाली वारा नाही, एवढंच साधायचं असतं. उणे २६ मध्ये भिंतीला भोक ठेवायला मन धजत नाही, काकूंचंही धजलं नव्हतं.

मग दिवा लावला तर? तांबडा, २५० वॅटचा, बाजारात सहज मिळतो. काकूंनी लावलेला नाही आणि कुणी लावू नये असंच आम्हालाही वाटतं. खाली सुका भुसा, हवेत पिसांची धूळ, वर तापलेला बल्ब. अशा दिव्यांनी खुराडी जळतात, दर हिवाळ्यात. शिवाय ऊब अंगवळणी पडलेल्या पाखरांची वीज गेली की दैना होते.

(दोन कोंबड्यांची डोकी, शेजारी शेजारी.)

डावीकडची लेगहॉर्न. तुरा मोठा, एका बाजूला कललेला. उजवीकडची पांढरी बघा, तिला तुरा जवळजवळ नाहीच. कपाळावर नुसती तांबडी गादी, गळ्याखालचे लोंबही नावापुरते. ही शांतक्लेर, कॅनडाची कोंबडी. क्वेबेकमध्ये ओका नावाच्या गावी ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ होता. तिथले ब्रदर विल्फ्रिड शातलां मठाच्या कोंबड्या सांभाळत. त्यांच्या मनात आलं, या सगळ्या जाती दुसऱ्या मुलखांतून आलेल्या, मोठ्या तुऱ्यांच्या. आपल्या हिवाळ्याची कोंबडी कुठाय? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी काम सुरू केलं. कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायंडॉट आणि प्लिमथ रॉक अशा पाच जाती घेतल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत तुरा लहान लहान करत नेला. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं या जातीला मान्यता दिली. नावात फ्रेंचमधले दोन शब्द आहेत, गाणं आणि स्वच्छ. लेगहॉर्नच्या तुऱ्याला काकू व्हॅसलीन लावतात. हिच्याकडे बघायचीही गरज पडत नाही.

दुपार. खाली भुशाची गादी वीतभर झाली आहे. लाकडाचा भुसा आणि शरदात गोळा केलेली सुकी पानं. काकू काट्यानं ती वरखाली करतात, वर पुन्हा कोरडं टाकतात. मूठभर उचलून दाबतात. हाताला ओल लागली नाही की काम झालं. मार्चनंतर हेच खत वाफ्यात जाणार, मेथी आणि वांग्यांना.

अंडी दिवसातून तीनदा गोळा करायची, नाहीतर गोठून तडकतात. हे बघा, एक तडकलंच. तशी अंडी आता कमीच. अंड्यांसाठी कोंबडीला चौदाएक तास उजेड लागतो आणि डिसेंबरच्या शेवटी इथं दिवस पावणेनऊ तासांचा. दिवा लावून अंडी वाढवता येतात. काकू म्हणतात, "पीसझड होऊन नवी पिसं आलीत, दोन महिने बसू देत की. वर्षभर देतातच बिचाऱ्या."

बर्फात पाय टाकायला कोंबड्या तयार नसतात. काकू वाट झाडतात, वर वाळलेलं गवत पसरतात, मग एकेक बाहेर येते.

चार वाजता मका. रात्रभर पचत राहतो आणि आतून ऊब देतो. दार लावायच्या आधी काकू प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपतात. भरलेली आहे. थोड्याच वेळात सूर्य गेला.

(मार्च. कुंपण.)

चकत्यांची रांग खचली आहे. खालच्या विरघळून एकमेकींना चिकटल्यात, वरच्या पारदर्शक झाल्यात. ते तांबूस पीस चिखलात आलंय आणि शांतक्लेर ते चोचीनं उलटंपालटं करून बघतेय.