रिमोट कुणाच्या हातात?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरच्या रुग्णासाठी इलेक्ट्रिक बेड कसा निवडावा’. ते मी सांगणारच आहे. पण १८ वर्षं घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते आहे, त्यातून एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे, ती आधी बोलू द्या. कुठल्याही घरात शिरले की मी बेडची कंपनी बघत नाही. रिमोट कुठे आहे ते बघते.

टीव्हीचा रिमोट ज्याच्या हातात, घर त्याचं. त्या काकू हसताहेत, म्हणजे त्यांच्याकडे तो काकांच्या हातात असणार! बेडच्या रिमोटचंही तसंच आहे. बहुतेक घरांत तो पायाकडच्या दांडीला अडकवलेला दिसतो. आडव्या माणसाचा हात तिथे सात जन्मांत पोचायचा नाही. ‘इथे का?’ विचारलं की रुग्ण सांभाळायला ब्युरोतून आलेल्या मावशी सांगतात, ‘ताई, ते उगाच दाबत बसतात.’

उगाच नाही दाबत. अंग अवघडतं, धाप लागते, दारात कोण आलंय ते बघायचं असतं. आता तुम्ही इथे बसल्या बसल्या कितीदा हललात? कुणाला विचारून हललात का?

हे मी माझ्या घरात शिकले. माझे वडील, अण्णा, एस.टी.त कंडक्टर होते. २०१६ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी धरलं की ते अर्धा मिनिट उभे राहायचे. घरी आणायच्या दिवशी भावाने एका दुकानातून बेड भाड्याने मागवला. दुकानदार फोनवर म्हणाला, ‘फुल फाऊलर देतो, मोटरवाला, सगळं होतं.’

सगळं म्हणजे काय, तर पाठ वर होते आणि गुडघे वर होतात. बेडची उंची आहे तेवढीच. त्यावर चार इंची गादी, गादीवर हवेची बबल मॅट्रेस. मी आईची शिवणाची टेप लावली. जमिनीपासून २७ इंच. अण्णांचा पाय गुडघ्यामागून टाचेपर्यंत १७ इंच. कडेला बसवलं की पाय अधांतरी. तळवेच टेकत नाहीत तर उभा राहणार कसा माणूस? मी दुकानात फोन केला. ‘ताई, पेशंट तर झोपूनच असतो,’ तो म्हणाला, ‘उंची कशाला हवी?’

ह्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पेशंट झोपूनच असतो असं धरून बेड पाठवलात, तर तो झोपूनच राहणार! अण्णा तीन आठवडे उभे राहिले नाहीत. स्नायूंना तीन आठवडे फार असतात हो.

त्यातच एक रात्र अशी गेली. झोपताना मावशींनी पाठ वर केली, गुडघे सपाटच राहिले. बेडने पाठीला रेटलं, खाली अडवायला काही नाही, अण्णा घसरत घसरत पायथ्याला. हनुवटी छातीला लागलेली. हाक मारता येत नाही, रिमोट दांडीला. सकाळी कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग. मी बोट दाबून सोडलं. लाली हटली नाही. हटली नाही म्हणजे तिथे बेडसोअरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली असते. घसरताना वरची कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड खाली सरकतं, मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात.

आता हे फाऊलर म्हणजे काय, तेही सांगते, कारण पुष्कळांना ती कंपनी वाटते. जॉर्ज रायरसन फाऊलर हे ब्रुकलिनचे सर्जन. अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळात पोटात पू झाला की रोगी दगावायचे. १९०० साली त्यांनी लिहिलं की डोक्याकडची बाजू उंच ठेवा, म्हणजे पू वर न पसरता खाली ओटीपोटात उतरेल. पण उंच ठेवलेला रोगी घसरायचा, अगदी आमच्या अण्णांसारखा. १९०९ साली विलिस गॅच नावाच्या सर्जनने बेडलाच सांधे बसवले, पाठीपाशी एक, गुडघ्यापाशी एक. घसरण्यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वी सापडला आहे, बटणही बेडवर आहे, फक्त दाबायचं राहून जातं. आधी गुडघे थोडे वर, मग पाठ. घरी फ्रिजवर लिहून चिकटवा.

तर त्या सकाळी मी रिमोट काढला आणि लेंग्याच्या नाडीने डाव्या कठड्याला बांधला. बटणं सगळी सारखी, चाचपून कळेना. आईने आपली मखमली टिकली काढून ‘पाठ वर’वर लावली. दोन दिवसांत घामाने निघाली, मग एम-सीलचा ठिपका दिला. अण्णांनी अंगठ्याने ठिपका चाचपला, दाबला, आणि इंच इंच वर आले. खिडकीतून कोपऱ्यावरचा स्टॉप दिसायचा. सहा चाळीसची गाडी यायच्या आधी ते स्वतःचे स्वतः वर येऊन बसायला लागले. बसले की कठड्यावर बोटाने दोनदा टक् टक्. डबल बेल. चला.

पुढच्या आठवड्यात आम्ही उंची कमीजास्त होणारा बेड आणला. खाली नेला की गादीसकट १९ इंच. बसल्यावर गादी दबली, तळवे जमिनीला टेकले. त्या दिवशी ते किती वेळ उभे राहिले ते मी मोजलं नाही, मला दिसतच नव्हतं नीट.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगते, लिहून घ्या.

पैसे खर्च करायचे तर पहिले उंचीच्या मोटरवर करा. दुकानात ‘हाय-लो’ म्हणून विचारा. उतरताना बेड खाली, पुसताना-कपडे बदलताना तो मावशींच्या कमरेपर्यंत वर. त्यांचीही पाठ आहे. ‘फाइव्ह फंक्शन’ बेडमध्ये डोकं खाली-पाय वर असे तिरपे प्रकारही येतात, घरी त्यांची गरज सहसा पडत नाही. उंची नेहमी गादी घालून मोजा, दुकानदार लोखंडाची सांगतो.

वीज गेली तर? बेड धाडकन खाली येत नाही. आत जॅकसारखा आट्यांचा दांडा असतो, मोटर थांबली की तो आहे तिथे राहतो. पण हलवायचं तर बॅटरी किंवा हाताने फिरवायचं हँडल हवं, आधी विचारून घ्या. बहुतेक बेडांच्या मोटरी २४ व्होल्टच्या असतात, भिंतीतला करंट रिमोटपर्यंत येत नाही. तेव्हा शॉकच्या भीतीने रिमोट लांब ठेवू नका.

कठड्याच्या फटी मोजा. १२ सेंटिमीटरच्या फटीत डोकं अडकू शकतं. आणि भ्रमिष्ट झालेला रुग्ण कठडा ओलांडून पडतो तो जास्त उंचावरून. त्यांच्यासाठी पूर्ण कठड्यापेक्षा रात्री बेड अगदी खाली नेलेला बरा. त्यांच्या हातात रिमोट एकटा देऊ नका, पुष्कळ रिमोटना बटणं बंद करायचं कुलूप असतं. माझ्या म्हणण्याला एवढा एक अपवाद.

जेवताना बसतं करा, जेवल्यावर निदान अर्धा तास तसंच ठेवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. एरवी पाठ ३० अंशांच्या आसपास. हवेची गादी असली तरी कूस बदलायचीच. बेड यायच्या आधी लिफ्ट आणि खोलीचं दार मोजा.

मागे दाराशी एक बेड आणून ठेवला आहे. चहाच्या आधी त्यावर एकेकाने आडवं व्हा. पहिल्यांदा रिमोट शेजारच्याला द्या आणि न सांगता पाठ वर करायला सांगा. मग स्वतःच्या हातात घ्या. आजी, तुम्ही या पहिल्या, बेड खाली घेतलाय.